विमानाच्या इंजिनातले शिसे

हिवरखेडात विमानाच्या इंजिनावर व्याख्यान म्हटल्यावर काही मंडळी हसली, ते ठीकच झाले. पण अमरावतीजवळ बेलोऱ्याला वैमानिक घडवणारी शाळा काढण्याचे एअर इंडियाने हाती घेतले आहे; आणि आपल्या गावचा एखादा आयटीआय झालेला मुलगा उद्या कुठल्या तरी विमानतळावर हातात पाना घेऊन उभा राहील. त्याच्या हाताला काय लागणार, हा आमचा विषय.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि गॅरेजात व वाचनालयात जास्त झाले. सोळाव्या वर्षी आम्ही एका गॅरेजात पेट्रोलने प्लग धूत असू, नळीने तोंडाने पेट्रोल ओढत असू. त्या पेट्रोलात शिसे असते, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. मोटारींचे शिसेयुक्त पेट्रोल आपल्या देशात २००० साली बंद झाले. लहान विमानांचे मात्र राहिले.

ते कशासाठी, असे कोणीही विचारील. सिलिंडरात पेट्रोल दाबले गेले की त्यातला काही भाग वेळेआधीच भडकतो आणि इंजिन ठोके देते. मोटारीत ठोका बसला तर गाडी कडेला लावता येते; आकाशाला कड नाही. टेट्राएथिल लेड नावाचे शिशाचे संयुग थोडेसे मिसळले की ठोका थांबतो, हे अमेरिकेत टॉमस मिजली यांना १९२१ साली आढळले. १९२४ साली न्यू जर्सीतील बेवे येथे हेच द्रव्य तयार करताना पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तीसहून अधिक आजारी पडले. तेव्हा मिजलींनी वार्ताहरांसमोर त्या द्रव्याने हात धुऊन दाखवले. आदल्याच वर्षी शिशाच्या विषबाधेमुळे त्यांनी स्वतः रजा घेतली होती, ही गोष्ट अर्थातच त्यांनी तिथे काढली नाही.

आता इंजिनाकडे वळू. शिसे जळून त्याचा ऑक्साइड होतो, आणि तो आत खरपुडीसारखा बसला असता. म्हणून पेट्रोलात एथिलीन डायब्रोमाइड घालतात. त्याने शिशाचा ब्रोमाइड बनतो, तो वाफ होऊन धुराबरोबर बाहेर जातो. मात्र त्याला उष्णता हवी. प्लगच्या टोकाशी सुमारे ४२५ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमान राहिले, तर वाफ न होता शिशाच्या राखाडी गोट्या प्लगमध्ये जमतात. मग वीज ठिणगी न पाडता त्या गोटीतूनच पळते. बहुधा खालचा प्लग आधी जातो. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात ते उगीच नव्हे. उड्डाणापूर्वी एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतात, तेव्हा इंजिन खडखडले की शिकाऊ वैमानिकालाही दोष कळतो.

शिकाऊ विमानाला हा रोग जास्त होतो. ते धावपट्टीजवळ ताटकळत बसते, इंजिन मंद चालते, आणि मिश्रणात पेट्रोल जास्त असले की सिलिंडर थंडच राहतो. चुलीत ओले लाकूड घातल्यासारखे! म्हणून पहिला उपाय असा की, जमिनीवर असताना मिश्रणाची लाल मूठ बरीच मागे ओढून पेट्रोल कमी करावे. इतके कमी, की चुकून तसेच उडायला निघाले तर इंजिन अडखळून चूक लगेच ध्यानी यावी. उड्डाणाच्या वेळी मूठ विमानाच्या पुस्तिकेप्रमाणेच हवी; तिथे काटकसर केली तर सिलिंडर जळेल. इंजिन मिनिटाला हजार-बाराशे फेऱ्यांवर ठेवावे. उतरल्यावर तापमान स्थिर झाले की लायकमिंग कंपनी सांगते तसे १५ ते २० सेकंद १८०० फेऱ्या द्याव्यात, पुन्हा खाली आणून लगेच बंद करावे. प्लग योग्य उष्णतेच्या जातीचे असावेत, वरचे खाली आणि खालचे वर असे बदलत जावेत. तेल वेळेवर बदलावे, कारण शिशाचा गाळ तेलातही उतरतो.

हे सगळे इंजिनाच्या तब्येतीचे झाले. आम्हाला भांडायचे आहे ते त्यापुढे. वैमानिकाने मूठ मागे ओढली नाही, तर ती गोटी टोकदार सळईने खरवडून काढतो मिस्त्री. तिची भुकटी त्याच्या नखात, डब्यातल्या भाकरीवर आणि कपड्यांवरून घरच्या लेकरांपर्यंत जाते. लेकरांच्या मेंदूला शिसे सर्वांत वाईट. हातमोजे, ओल्या फडक्याने पुसणे, हवेच्या झोताने न उडवणे, कामाचे कपडे वेगळे धुणे आणि रक्तातल्या शिशाची ठरावीक मुदतीने तपासणी, एवढे मागायला संप लागू नये.

हे पेट्रोल, शंभर एलएल, पूर्वी आपण बाहेरून आणत होतो. २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याला बनवते. एलएल म्हणजे कमी शिशाचे. तरी लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत चालते. बेलोऱ्यासाठी मात्र २०२५ साली ज्या ३१ पायपर आणि ३ डायमंड विमानांची मागणी नोंदवली गेली, ती जेट विमानांच्या इंधनावर चालणारी डिझेल जातीची आहेत. त्यांत शिसे नाही, आणि ठिणगीचा प्लगही नाही.