एका वर्षात दोन पावसाळे!

पावसाळा संपला, की छत्री कुठे जाते? माळ्यावर! पुढच्या जूनपर्यंत तिला सुट्टी.

पण आफ्रिकेतल्या केनियात असं चालत नाही हं! तिथल्या बऱ्याच भागांत वर्षातून चक्क दोन पावसाळे येतात. थोरला मार्च ते मे, धाकटा ऑक्टोबर ते डिसेंबर. स्वाहिली भाषेत थोरल्याला म्हणतात ‘मसिका’ आणि धाकट्याला ‘वुली’. भावंडंच जणू!

दोन कसे काय? चल, झोपाळ्यापाशी जाऊ! तू झोका घे, मी बाजूला मधोमध उभा राहतो. आता सांग, एका झोक्यात माझ्यासमोरून तुझी स्वारी किती वेळा जाते? एकदा जाताना, एकदा येताना. दोनदा!

सूर्यही असाच वर्षभर उत्तर-दक्षिण झोका घेताना दिसतो. (खरं तर सूर्य नाही हलत. आपली पृथ्वीच कलून त्याच्याभोवती फिरते!) आणि केनिया आहे बरोब्बर झोक्याच्या मध्यावर. पृथ्वीच्या पोटावरची विषुववृत्ताची रेषा केनियातूनच जाते. म्हणून तिथे मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये भरदुपारी सूर्य थेट डोक्यावर!

मग जमीन तापते. दमट हवा वर जाते, गार होते, ढग जमतात. आमटीच्या झाकणाला आतून थेंब धरतात ना, तसंच! पण गॅस पेटवल्याबरोबर आमटी उकळते का? नाही. म्हणून पाऊसही सूर्याच्या जरा मागूनच येतो.

आता ओळख पाहू, जुलैमध्ये नैरोबीतली मुलं शाळेत काय घालून जातात?

स्वेटर! विषुववृत्त इतकं जवळ, तरी स्वेटर! कारण नैरोबी खूप उंचावर आहे. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटर उंच, आणि नैरोबी जवळजवळ 1,800 मीटर! म्हणजे रस्ते, शाळा, बाजार, मैदानं, बहुतेक शहरच कळसूबाईच्या डोक्यापेक्षा वर!

आणि गंमत म्हणजे, केनियातून आपल्याकडे एक पाहुणा येतो. जूनमध्ये दक्षिणेकडून येणारे वारे केनियाच्या उंच डोंगराळ भागाला अडतात. भिंतीला धरून पळावं तसे किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला धावतात, मग अरबी समुद्रावर वळतात. वाटेत पाणी गोळा करत करत थेट आपल्या कोकणात!

यंदा पहिल्या पावसात खिडकीबाहेर हात धर. तळहातावर टपकन थेंब पडेल. तो आणणारा वारा थोड्याच दिवसांपूर्वी केनियाच्या किनाऱ्यावरचे माड हलवून आलेला असेल!