चावी फिरते, ठिणगी पडत नाही : बोटीच्या इंजिनातील विद्युतदोषाचा शोध

वसतिगृहात राहिलेल्या प्रत्येकाला सकाळच्या स्नानाची घाई आठवत असेल. सर्व नळ बंद असताना पाइपात पाण्याचा दाब भरपूर असे. मात्र चार नळ एकदम उघडले की धार करंगळीएवढी होई. टाकी भरलेली असे आणि नळही नवे असत. दोष असे तो मधल्या पाइपात साचलेल्या क्षारांचा, आणि पाणी वाहू लागल्याखेरीज तो उघड होत नसे. पुढे आम्ही काही माजी विद्यार्थी आय.टी.आय.चे शिक्षण घेऊन किनारपट्टीवर इंजिनदुरुस्तीच्या कामाला लागलो, तेव्हा बोटीतील विजेचे बहुतेक दोष याच जातीचे असतात, हे आमच्या ध्यानात आले. आपापल्या व्यवसायातील उपयुक्त माहिती लिहावी, असे संपादक मंडळाने सुचविले, म्हणून हा विषय निवडला आहे.

प्रारंभी एक खुलासा करणे आवश्यक आहे. आपल्या किनाऱ्यावरील मोठे ट्रॉलर डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते; तेथे ठिणगीचे कामच नसते. ठिणगी लागते ती पेट्रोल इंजिनाला, म्हणजे लहान होड्यांच्या मागे लावलेल्या आऊटबोर्ड मशीनला आणि पर्यटकांना फिरविणाऱ्या काही वेगवान बोटींना.

अशाच एका बोटीची ही हकीकत आहे. धक्क्यावर तिचे इंजिन एका झटक्यात सुरू होई, वीस-पंचवीस मिनिटे उत्तम चाले, मग अडखळू लागे आणि बंद पडे. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होई. मालकाने एका कारागिराकडून आधी स्पार्क प्लग बदलले, मग कॉइल, मग डिस्ट्रिब्युटरचे टोपण. पैसे गेले, दोष राहिला. एके दिवशी ओहोटीच्या वेळी, प्रवासी बसलेले असताना, इंजिन नेमके खाडीच्या मुखाशी थांबले. ओहोटीचा ओढ बोटीला बाहेरच्या फुटत्या लाटांकडे नेत होता. तांडेल अनुभवी होता. इंजिनाचे झाकण उघडण्यापूर्वी त्याने नांगर टाकला. आमच्या मते त्या दिवशी झालेल्या सर्व दुरुस्त्यांत हीच सर्वांत मोलाची होय. दुसऱ्या होडीने बोट ओढून आणली आणि मग ती आमच्याकडे आली.

दोष शोधण्यापूर्वी आपल्या इंजिनाची ठिणगी कोणत्या विजेवर चालते, हे जाणून घ्यावे लागते. कारण दोन पद्धती आहेत आणि त्यांचे तर्क एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्या पद्धतीत बॅटरीची १२ व्होल्ट वीज चावीमधून कॉइलला मिळते. कॉइलमधील प्रवाह एकाएकी तोडला की १८३१ मध्ये फॅरडे यांनी दाखवून दिलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाच्या तत्त्वाने हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो आणि प्लगच्या फटीत ठिणगी पडते. येथे वायर तुटली की ठिणगी बंद. दुसरी पद्धत मॅग्नेटोची. कित्येक आऊटबोर्ड मशीनमध्ये फ्लायव्हीलवरील चुंबक फिरून स्वतःची वीज तयार करतात; सीडीआय नावाचा संच ती साठवून योग्य क्षणी कॉइलमध्ये सोडतो. बॅटरी नसली तरी दोरी ओढून असे मशीन सुरू होते. ते बंद करण्यासाठी एक वायर अर्थला जोडली जाते. म्हणून येथे ती वायर तुटली तर इंजिन बंदच होत नाही, आणि तिचे आवरण घासून ती धातूला टेकली तर ठिणगीच पडत नाही. हा भेद ठाऊक नसलेला मनुष्य मॅग्नेटोच्या बंद करण्याच्या वायरीला बॅटरीची वीज देऊन पाहतो आणि महागडा सीडीआय संच जाळून बसतो. असे जळालेले संच आम्ही पाहिले आहेत.

कोणत्याही पद्धतीत पहिली तपासणी बिनखर्चाची असते. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधण्याची सुरक्षा-दोरी आणि तिची क्लिप जागेवर आहे का, हे पाहावे. क्लिप निघाली की ठिणगी बंद व्हावी, अशीच योजना असते. गिअर न्यूट्रलमध्ये नसेल तर कित्येक इंजिनांचा स्टार्टर फिरतच नाही. या दोन गोष्टींसाठी कारागिराला धक्क्यावर बोलावणारे लोक कमी नाहीत, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

पेट्रोलच्या बंदिस्त इंजिनकक्षात मात्र काम सुरू करण्यापूर्वी झाकण उघडावे, पंखा असल्यास किमान चार मिनिटे चालवावा आणि नाकाने खात्री करून घ्यावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असल्याने बोटीच्या तळाशी साचते. तेथे प्लगची वायर धातूजवळ धरून ठिणगी पाहण्याची जुनी सवय जिवावर बेतू शकते.

आता त्या बोटीकडे वळू. बॅटरी स्वस्थ असताना मल्टिमीटर १२.६ व्होल्ट दाखवीत होता, म्हणजे ती पूर्ण भरलेली होती. स्टार्टर फिरत असताना दाब १०.४ च्या खाली गेला नाही. तो साडेनऊच्या खाली गेला असता, तर बॅटरीवर किंवा तिच्या जाड केबलींवर संशय घेता आला असता. मग इंजिन मुद्दाम गरम होऊ दिले आणि ते बंद पडताच चावी चालू ठेवून मोजमाप केले. बॅटरीपाशी १२.४ व्होल्ट, कॉइलच्या धन टोकापाशी अवघे ८.९. साडेतीन व्होल्ट वाटेत कोठेतरी हरवत होते. (काही इंजिनांत कॉइलच्या आधी मुद्दाम बॅलास्ट रोध बसविलेला असतो, तेथे कॉइलपाशी कमी व्होल्ट दिसणे हा दोष नव्हे. या बोटीत तो नव्हता.)

हरवलेला दाब शोधण्याची रीत सोपी आहे, तरी ती फार थोडे लोक वापरतात. मीटरची एक सुई बॅटरीच्या धन टोकावर ठेवायची आणि दुसरी वायरीच्या वाटेवर एकेक टप्पा पुढे न्यायची. प्रवाह चालू असताना मीटर जो आकडा दाखवील, तितका दाब त्या टप्प्यापर्यंत खर्ची पडला. चांगल्या जोडावर हा खर्च व्होल्टच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. या बोटीत चावीच्या स्विचवर ०.३ व्होल्ट जात होते; इंजिनाकडून चालकाच्या फळीकडे जाणाऱ्या वायरींच्या मोठ्या प्लगमध्ये तब्बल ३.१. त्या एकाच प्लगमधून वीज दोनदा जाते, चावीकडे जाताना एकदा आणि कॉइलकडे परतताना एकदा. दोन्ही पिनांवर हिरवा थर चढला होता.

कॉइलमधून त्या वेळी सुमारे ३ अँपिअर प्रवाह जात होता. ओहमच्या नियमाप्रमाणे हिशेब केला, तर त्या दोन पिनांचा रोध सुमारे १ ओहम आणि तेथे निर्माण होणारी उष्णता ९ वॅटच्या वर. चिमूटभर जागेत एवढी उष्णता साचली की पिना सैल होतात, रोध वाढतो, उष्णता आणखी वाढते. वीस मिनिटांनी इंजिन का थांबे आणि निवल्यावर का सुरू होई, याचे उत्तर हेच होते. कॉइलमधील ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे प्रवाह एक चतुर्थांशाहून थोडा अधिक घटताच ठिणगीचे बळ जवळपास निम्म्यावर आले होते.

आधीच्या कारागिरानेही वायरी तपासल्या होत्या, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु त्याने प्लग सोडवून, थंड इंजिनावर, केवळ वायर अखंड आहे की नाही एवढेच पाहिले. दहा तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर ‘अखंड’ असेच सांगतो. म्हणूनच आम्ही मीटरबरोबर १२ व्होल्टचा साधा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प नेहमी बाळगतो. बल्ब स्वतः प्रवाह मागतो; जोड कच्चा असेल तर तो मिणमिणतो.

परतीच्या वाटेचेही असेच. मोटारीत लोखंडी सांगाडा ऋण वायरीचे काम करतो. फायबरची किंवा लाकडाची बोट वीज वाहून नेत नाही. प्रत्येक उपकरणाची ऋण वायर स्वतंत्रपणे परत यावी लागते, आणि तिच्यावर कोणाचे लक्ष नसते. इंजिनाच्या ज्या बोल्टवर ती येते, त्याच्याखाली रंगाचा थर राहिला तरी सारा खेळ बिघडतो.

भर खाडीत असताना बॅटरीवर चालणाऱ्या इंजिनापुरता एक तात्पुरता उपाय आहे. बॅटरीच्या धन टोकापासून कॉइलच्या धन टोकापर्यंत फ्यूज असलेली एक वायर थेट जोडावी. इंजिन नीट चालले तर दोष मधल्या वाटेतच आहे आणि बोट धक्क्याला येऊ शकते. मात्र मग चावीने इंजिन बंद होत नाही, आणि सुरक्षा-दोरीही निरुपयोगी ठरू शकते. बंद करताना ती वायरच काढावी लागते. बोटीवरील सर्वांना हे आधी सांगून ठेवावे.

त्या बोटीचा प्लग आम्ही काढून टाकला, कल्हई केलेल्या तांब्याच्या नव्या वायरी घातल्या आणि जोडांवर आतून चिकट थर असलेल्या नळ्या गरम करून बसविल्या. साध्या तांब्याच्या तारांत खारे पाणी दिव्यातील वातीप्रमाणे आत चढत जाते; वरून टेप गुंडाळून काही साधत नाही. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पर्यटकांच्या बोटीही पावसाळ्यात बहुधा वर ओढलेल्या असतात. हे जोड उघडून पाहण्याची आणि बॅटरी घरी नेऊन महिन्यातून एकदा भरण्याची तीच वेळ.

त्या तांडेलाने आता आसनाखाली एक टेस्ट लॅम्प आणि फ्यूज लावलेली वायर ठेवली आहे. नांगराची दोरीही त्याने नवी घेतली.