भांडुपची लेक आणि आमच्या घरची जुनी बाकी

30 ऑक्टोबर 2025, गुरुवारची संध्याकाळ. लाभपंचमी होऊन चारच दिवस झाले होते. नव्या वहीची पहिली पाने नुकतीच लिहिली गेली होती आणि दिवाळीनंतरची नेहमीची सुस्ती बाजारात पसरली होती. आमचे भांडुप स्टेशनजवळ स्टीलच्या भांड्यांचे दुकान आहे. आठच्या सुमारास दुकानातील मुलगा मोबाईल पातेल्याला टेकवून सामना पाहत होता. मी रागवणार, तोच तो म्हणाला, ‘‘शेठ, आपल्या भांडुपची पोरगी खेळतेय.’’ मी चष्मा पुसला आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसलो.

आपले भांडुप हे मुंबईच्या नकाशावर मिरवणारे नाव नाही. पूर्वेला खाडी आणि मिठागरे, पश्चिमेला डोंगरउतारावर एकमेकींच्या खांद्यावर उभ्या असलेल्या चाळी, मधून जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग. या मार्गावर पूर्वी कारखान्यांचे भोंगे वाजत, आज तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. शहराला पुरवल्या जाणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा आपल्या जलशुद्धीकरण केंद्रात शुद्ध होतो. पण नळ सोडताना भांडुपची आठवण कोणाला होते? पाणी पोहोचवावे आणि नाव मागू नये, हा या उपनगराचा स्वभावच झाला आहे. त्या संध्याकाळी मात्र भांडुपचे नाव घरोघरी पोहोचले.

जेमिमा रॉड्रिग्ज हिचा जन्म 5 सप्टेंबर 2000 चा. तिचे बालपण भांडुपमध्ये, एनॉक आणि एली या दोन भावांबरोबर चेंडू-फळी खेळण्यात गेले. वडील इव्हान हेच तिचे पहिले प्रशिक्षक. मुलांना खेळाच्या अधिक चांगल्या सोयी मिळाव्यात म्हणून या कुटुंबाने पुढे राहते ठिकाण सोडले आणि ते वांद्र्याच्या बाजूला गेले. वाचकहो, आपण व्यापारी माणसे. जागा बदलणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? ओळखीचे शेजारी, उधारीचा विश्वास, देरासराची वाट, सारे मागे सोडावे लागते. आपण दुकानासाठी जागा बदलतो, मुलाच्या लग्नासाठी मोठे घर घेतो. परंतु मुलीच्या खेळासाठी बिऱ्हाड हलवणारी घरे आपल्यात किती निघतील?

मुलीनेही त्या विश्वासाचे मोल राखले. ती महाराष्ट्राकडून हॉकी खेळली. 2017 मध्ये एकोणीस वर्षांखालील गटात सौराष्ट्राविरुद्ध 50 षटकांच्या सामन्यात तिने नाबाद 202 धावा केल्या आणि 2018 च्या फेब्रुवारीत, साडेसतराव्या वर्षी, ती भारतीय संघात आली. येथपर्यंतची गोष्ट वर्तमानपत्रांना आवडणारी आहे. मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या गोष्टीविषयी.

प्रसिद्धी ही उधारीवर मिळालेल्या मालासारखी असते. माल दुकानात दिसतो, पण तो आपला नसतो. देणारा केव्हा तगादा लावील याचा नेम नाही. 2022 च्या विश्वचषकासाठी जेमिमाला संघात घेतले नाही. 2025 च्या विश्वचषकात ती संघात होती, परंतु काही डाव अपयशी ठरले आणि इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात तिला बाहेर बसवण्यात आले. काल टाळ्या वाजवणारे हात आज बोटे दाखवू लागले. नंतर तिने स्वतःच सांगितले की, त्या दिवसांत ती जवळजवळ रोज रडत असे, मनाची घालमेल थांबत नसे आणि आईला फोन लावून ती नुसती अश्रू ढाळत राही. आई ऐकत राही. कोट्यवधी लोक जिचे नाव घेतात, तिलाही शेवटी ऐकणारे एक माणूस घरचे लागते, ही गोष्ट माझ्या मनात खोल रुतली.

23 ऑक्टोबरला, नेमक्या भाऊबीजेच्या दिवशी, ती न्यूझीलंडविरुद्ध परतली आणि तिने नाबाद 76 धावा केल्या. मग आला उपांत्य सामना, खाडीपलीकडे नव्या मुंबईतील डी. वाय. पाटील मैदानावर. ऑस्ट्रेलियाच्या 338 धावा झाल्या होत्या. आपण तिसऱ्या क्रमांकावर खेळणार आहोत, हे जेमिमाला फलंदाजीला उतरण्याच्या जेमतेम पाच मिनिटे आधी कळले. कर्णधार हरमनप्रीत कौर हिने 89 धावा केल्या, दोघींची 167 धावांची भागीदारी झाली आणि हरमनप्रीत बाद झाल्यावरही जेमिमा शेवटपर्यंत उभी राहिली. नाबाद 127. भारताने नऊ चेंडू राखून सामना जिंकला. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या मोठ्या धावसंख्येचा यशस्वी पाठलाग त्यापूर्वी कोणी केला नव्हता.

दुकानातल्या मुलाने मला एक गोष्ट दाखवली नसती तर ती माझ्या ध्यानात आली नसती. तिचे शतक पूर्ण झाले, तेव्हा तिने आनंद साजरा केला नाही. बॅट उंचावून मिरवणे नाही, उड्या नाहीत. काम अजून संपले नव्हते, एवढेच. आपण सामायिकाला बसतो, तेव्हा 48 मिनिटे लाभ-हानी आणि मान-अपमान यांपासून मन अलिप्त ठेवण्याचा प्रयत्न करतो. माझे मन पाचव्या मिनिटालाच गल्ल्याकडे धावते. हजारोंच्या गलक्यात, स्वतःच्या शतकाच्या क्षणी एका मुलीने जो समभाव राखला, तो पाहून मला माझ्या आसनाची लाज वाटली.

खिलाडूवृत्तीचा विषय निघाला की मला 1980 सालचा फेब्रुवारी आठवतो. मी तेव्हा वडिलांच्या हाताखाली गादीवर नुकताच बसू लागलो होतो. वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध सुवर्णमहोत्सवी कसोटी चालू होती. इंग्लंडचे पाच गडी स्वस्तात गेले होते आणि पंचांनी यष्टिरक्षक बॉब टेलरला झेलबाद दिले. भारताचे कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ यांची खात्री होती की चेंडू बॅटला लागलेला नाही. त्यांनी पंचांना विनंती करून टेलरला परत बोलावले. मग टेलर आणि बोथम यांनी 171 धावा जोडल्या आणि भारत दहा गडी राखून हरला. दुकानात रेडिओभोवती जमलेली मंडळी हळहळली. वडील मात्र म्हणाले, ‘‘गिऱ्हाइकाने चुकून जादा दिलेली नोट परत केली, तर त्याला कोणी तोटा म्हणत नाही.’’ त्या दिवसापासून तो पराभव मी कधीही नावे बाजूला लिहिला नाही.

परंतु तोच मी, माझ्या घरातल्या खेळाडूशी कसा वागलो?

1997 सालची गोष्ट. माझी मुलगी शाळेत खो-खो खेळत असे. तिची निवड झाली आणि आठ दिवसांच्या शिबिरासाठी बाहेरगावी जायचे ठरले. ती दुकानात आली तेव्हा मी बिल करत होतो. मान वर न करता मी ‘‘नाही’’ म्हणालो. कारणे पुष्कळ होती: चौविहार कसा पाळणार, परक्या ठिकाणी राहणार कुठे, दहावी तोंडावर आली. एकही कारण खोटे नव्हते. परंतु कोणत्याही कारणावर तोड काढण्याचा प्रयत्न मी केला नाही, हेही तितकेच खरे होते. ती काही बोलली नाही. शाळेचे खेळाचे बूट तिने धुऊन, वाळवून कपाटात ठेवले, ते पुन्हा बाहेर निघाले नाहीत.

आज ती मुलुंडला सुखाने नांदते. तिची तेरा वर्षांची लेक क्रिकेट खेळते. संघात अजून जागा मिळालेली नाही, राखीव खेळाडू म्हणून बसते. सरावाच्या वेळेवरून घरात रोज वाद होत होते, कारण मैदानावरून परतेपर्यंत सूर्यास्त होऊन जातो. ‘‘पप्पा, हिला थांबवू का?’’ असे मुलीने मला दिवाळीत विचारले होते आणि मी उत्तर टाळले होते.

त्या गुरुवारी रात्री सामना संपल्यावर मी तिला फोन केला. दर संवत्सरीला मी तिला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणत आलो आहे. पण कशासाठी, ते कधी सांगितले नव्हते. त्या रात्री सांगितले. शिबिर, बिलबुक, बूट, सारे. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, ‘‘पप्पा, बुटांचं तुम्हाला आठवतं?’’ आणि आम्ही दोघेही पुढे काही बोलू शकलो नाही. माफी मोघम मागितली की ती नुसती रीत होते. नेमकी बाब लिहिली तरच खात्यातली बाकी फिटते, हे व्यापाऱ्याला इतक्या उशिरा उमगावे!

तीन दिवसांनी, 2 नोव्हेंबरला, त्याच मैदानावर दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून भारतीय मुलींनी विश्वचषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार. 1988 मध्ये आझाद मैदानावर सचिन आणि विनोद कांबळी यांची 664 धावांची भागीदारी चालू असताना पॅड बांधून पुढच्या क्रमांकासाठी बसून राहिलेला मुलगा तो हाच. रणजीत धावांच्या राशी रचूनही त्यांना भारताकडून खेळण्याची संधी कधी मिळाली नाही. विजयानंतर कर्णधाराने त्यांच्या पायाला हात लावला, तेव्हा मी नातीला एवढेच म्हटले, ‘‘बघ, बसून वाट पाहिलेला वेळही वाया जात नाही.’’

आता आठवड्यातून चार दिवस पाच वाजता मी गल्ला मुलाच्या हाती सोपवतो आणि डबा घेऊन मुलुंडची लोकल पकडतो. मैदानाच्या कडेला बसून नात सूर्यास्तापूर्वी जेवते, चूळ भरते आणि पुन्हा धावत सरावाला जाते. ती उद्या भारताकडून खेळेल की नाही, ते मला माहीत नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी असा एक डबा पोहोचवण्याची तोड मला का सुचली नाही, याचा विचार मात्र परतीच्या लोकलमध्ये रोज मनात येतो.