आधी झिरोइंग, मग निशाणा

फौजेत नवी रायफल मिळाली की आधी झिरोइंग, मगच तिच्यावर भरवसा. जेम्स वेब दुर्बिणीचंही तसंच. 25 डिसेंबर 2021 ला ती उडाली, तीही घडी घालून. वाटेत टेनिस कोर्टाएवढी पाच पदरी सूर्यढाल उलगडली, मग 6.5 मीटरचा आरसा. तो 18 तुकड्यांचा, म्हणून सप्तर्षीतल्या एकाच ताऱ्याचे 18 ठिपके दिसले! जवळपास तीन महिने तुकडे नॅनोमीटरच्या मापाने हलवत ते ठिपके एक केले. 15 लाख किलोमीटरवर दुरुस्तीला कोण जाणार? म्हणून घाई नाही. पहिले रंगीत फोटो जुलै 2022 मध्ये आले. जवानांना मी हेच सांगायचो, हत्यार जुळवण्यात गेलेला वेळ वाया जात नाही.