झुलत्या पुलावरची धडधड

कॅनडात नॉर्थ व्हँकुव्हरला कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे. लांबी 450 फूट, खाली 230 फुटांवर खडक आणि पाणी. पाऊल टाकलं की डुलतो. डोनाल्ड डटन आणि आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञांनी इथे एका देखण्या तरुणीला उभं केलं. पुलावरच्या पुरुषांना ती प्रश्न विचारी, एका चित्रावरून छोटी गोष्ट लिहून घेई आणि शेवटी फोन नंबर देई. 1974 साली निष्कर्ष छापून आले: नंबर घेणाऱ्या 18 जणांपैकी 9 जणांनी फोन केला. नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या भक्कम, बुटक्या लाकडी पुलावर मात्र 16 पैकी दोघांनी.

छातीत धडधडत होतं ते पुलामुळे. गडी समजले, पोरीमुळे.

धडधड आधी की भावना आधी? भीती वाटते म्हणून आपण पळतो, हा सरळ हिशेब 1884 मध्ये मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी उलटा मांडला होता. अस्वल दिसताच अंग थरथरतं, आणि त्या थरथरीची जाणीव हीच भीती. जेम्सना मराठी आवडली असती. आपली भीती पोटात गोळा होऊन येते, राग तिडीक होऊन मस्तकात जातो.

पण तापातही छाती धडधडते, रागातही. मग मनाला फरक कळतो कसा? शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये नेमकं इथेच बोट ठेवलं.

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी 1962 मध्ये यावर तोडगा सुचवला: धडधड शरीराची, तिला नाव देतं मन, तेही आजूबाजूला बघून. जीवनसत्त्व सांगून त्यांनी विद्यार्थ्यांना अ‍ॅड्रेनलिन टोचलं. काहींना परिणामांची कल्पना दिली, काहींना नाही. मग खोलीत प्रयोगकर्त्यांचाच एक माणूस शिरला. कधी त्याने कागदाची विमानं उडवली, हुला हूप फिरवला. कधी आगाऊ प्रश्नावलीवर आदळआपट केली. ज्यांना धडधडीचं कारण ठाऊक नव्हतं, त्यांना सोबत्याची लागण जास्त झाली. मात्र आकडे कल्पनेइतके ठसठशीत नव्हते, आणि 1979 मध्ये इतरांनी असेच प्रयोग केले तेव्हा हा निकाल हाती लागला नाही. पाठ्यपुस्तकांत गोष्ट तेवढी टिकून राहिली.

पुलावरही शंका निघतेच: झुलत्या पुलावर जाणारे मुळातच धीट असतील, तर अनोळखी मुलीला फोन करायला ते कशाला कचरतील? डटन-अ‍ॅरन यांनाही ती सुचली होती. म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी तोच पूल ओलांडून पलीकडे दम खात थांबलेल्यांनाही गाठलं. त्यांच्याकडून फोन कमी आले.