सी.एन.सी. यंत्रे व यंत्रमानवांसाठी पोस्ट प्रोसेसर संपादन प्रणालीची निवड : नरडाण्यासारख्या औद्योगिक वसाहतींच्या संदर्भात

प्रस्तावना :
धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. अशा ठिकाणी लघुउद्योजक सी.एन.सी. यंत्र घेताना यंत्राची किंमत व क्षमता काळजीपूर्वक पाहतो. मात्र पोस्ट प्रोसेसर हा दुवा दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. या दुव्यात दोष निघाल्यास नाशिक वा पुण्याहून तज्ज्ञ येईपर्यंत यंत्र बंद ठेवावे लागू शकते. म्हणून पोस्ट प्रोसेसरमध्ये दुरुस्ती करण्याची प्रणाली कोणत्या निकषांवर निवडावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना :
कॅम प्रणाली प्रथम हत्याराचा मार्ग ठरविते. हा मार्ग विशिष्ट नियंत्रकाच्या आज्ञांत रूपांतरित करण्याचे कार्य पोस्ट प्रोसेसर करतो. जी-कोडसाठी आयएसओ ६९८३ हे मानक असले तरी फानुक, सीमेन्स, हायडेनहाइन या नियंत्रकांच्या आज्ञापद्धती भिन्न आहेत. उदाहरणार्थ, फानुक नियंत्रकात 'झेड १००.' म्हणजे १०० मिलिमीटर. परंतु दशांशचिन्ह गळाल्यास, पॅरामीटरच्या मांडणीनुसार, त्याचा अर्थ ०.१ मिलिमीटर होऊ शकतो. अशा वेळी वर गेले असे गृहीत धरलेले हत्यार कार्यवस्तूलगतच राहते आणि पुढच्या जलद हालचालीत शिकंजावर आदळते.

ही चूक कारागीर तयार प्रोग्रॅममध्ये हाताने सुधारू शकतो. पण मूळ पोस्ट तसाच राहिल्याने ती पुढील प्रत्येक प्रोग्रॅममध्ये पुन्हा उद्भवते. प्रोग्रॅमचे संपादन आणि पोस्टचे संपादन यांतील हा भेद मूलभूत होय.

यंत्रमानवाच्या बाबतीत गुंतागुंत वाढते. सहा अक्षांचा बाहू एकाच बिंदूपर्यंत अनेक स्थितींतून पोहोचू शकतो. शिवाय एबीबीच्या रॅपिड भाषेत हत्याराची दिशा क्वाटर्निअनने, तर कुकाच्या भाषेत ए, बी, सी या कोनांनी दर्शविली जाते.

निवडीचे निकष :
१) पोस्टचा स्रोत वाचता व बदलता यावा. फ्यूजनचे पोस्ट जावास्क्रिप्टमध्ये, तर फ्रीकॅड व रोबोडीकेचे पायथनमध्ये लिहिलेले असतात. कुलूपबंद पोस्ट स्वीकारल्यास प्रत्येक दुरुस्तीसाठी विक्रेत्यावर अवलंबून राहावे लागते.
२) आज्ञेची कोणती ओळ स्रोताच्या कोणत्या भागातून आली, हे शोधता यावे.
३) पडताळणी अंतिम जी-कोडवर व्हावी. केवळ हत्यारमार्गाचे सादृशीकरण पोस्टमधील दोष दाखवीत नाही.
४) जुन्या व नव्या आवृत्तींनी तयार केलेल्या प्रोग्रॅमची तुलना करता यावी.
५) पोस्ट बाहेरून करून घेतल्यास स्रोत व चाचणी-प्रोग्रॅम मिळण्याची अट करारात असावी.

दुरुस्तीनंतर नवा प्रोग्रॅम प्रथम कार्यवस्तूविना, एकेक ओळ, मंद गतीने चालवून पाहणे अनिवार्य आहे.

निष्कर्ष :
सुविधांची यादी कितीही मोठी असली तरी जागेवरील व्यक्तीस दुरुस्त करता न येणारी प्रणाली लघुउद्योगास उपयोगी ठरत नाही. त्यामुळे हा प्रश्न खरेदीइतकाच शिक्षणाचाही आहे. शिरपूर, धुळे व जळगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून यंत्र शाखेच्या विद्यार्थ्यास जी-कोडबरोबरच एखादा साधा पोस्ट वाचण्याचा व सुधारण्याचा सराव मिळाल्यास, खानदेशातील यंत्रशाळांना जवळचा तज्ज्ञ उपलब्ध होऊ शकेल.