तोडणीतला एक दिवस

पहाटे 4. फेब्रुवारीत दिंडोरीकडे या वेळी गारठा असतो आणि आम्हाला तोच हवा असतो. पेठ-सुरगाण्याहून हंगामाला आलेल्या बायका कपाळाला बॅटरी बांधून शेनिन ब्लां या वाईनच्या द्राक्षाच्या ओळींत शिरतात. ऊन चढायच्या आत घड क्रेटमध्ये पडायला हवा; तापलेला मणी फुटतो आणि फुटलेल्या मण्याचा रस वाटेतच आंबू लागतो. काल दादाने रिफ्रॅक्टोमीटरवर साखर 22 ब्रिक्स पाहिली, आईने मणी चावून बी तपकिरी झाल्याची खात्री केली. दोघांचं जुळलं तरच कात्री लागते.

साडेसात. वजन, निवड. डागी घड बाजूला, उरलेला माल प्रेसमध्ये. रस गार टाकीत रात्रभर निवळेल, यीस्ट उद्या.

9 वाजता लाल वाईनचं शिराझ. माझं मन खरं इथेच रमतं. लाल वाईनमध्ये साली रसासोबतच आंबतात. आंबताना निघणारा वायू त्यांना वर ढकलतो आणि पृष्ठभागावर त्यांचा जाड थर धरतो. रंग सालीत आहे, म्हणून खालचा रस पंपाने उपसून या थरावर सोडायचा, दिवसातून दोन-तीनदा. थर कोरडा राहिला तर व्हिनेगरचा वास धरतो. तापमान 28 अंशांच्या आसपास रोखायचं. फार वर गेलं तर यीस्ट दमतं आणि साखर तशीच राहते. टाकी रिकामी झाल्यावर आत उतरण्याआधी पंखा लावून हवा खेळवायची, बाहेर एक माणूस उभा करायचा. कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो, दिसत नाही, जीव घेतो. हा नियम आमच्याकडे घाई कितीही असली तरी मोडत नाही.

दुपारी 12 ते 3 नुसती धुलाई. क्रेट, प्रेस, पाइप, फरशी. वाईन करणाऱ्याच्या हातात ग्लासापेक्षा पाण्याची नळीच जास्त वेळ असते. ज्या वायनरीची फरशी चिकट, तिची बाटली मी घेणार नाही.

4 ला पाहुणे येतात, वहिनी त्यांना चव देते. मी उत्पादन शुल्काच्या नोंदवहीत दिवसाचे लिटर उतरवते. 2001 च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणामुळे वायनरीचं दार शेतकऱ्यासाठी उघडलं, पण हिशेब लिटरचाच द्यावा लागतो.

रात्री 9. शिराझवर पुन्हा पंप, पुन्हा थर्मामीटर, साखरेची नोंद. वीज गेली तर चिलरसाठी जनरेटर, म्हणून डिझेल पाहूनच झोपायचं.

वायनरी बघायची तर संध्याकाळी ग्लास धरायला येऊ नका. जानेवारी ते मार्चमध्ये सकाळी 7 ला या, बंद बूट घालून या, आणि चव घेण्याआधी वेलीवरचा एक मणी चावून बघा.